एलीच्या आईची चाल

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला पुण्यात पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा. मी नायगारा पाहिला नाही. हातात मशाल घेतलेली ती न्यूयॉर्कची बाईही पाहिली नाही. मी पाहिलं ते मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर नावाचं एक विद्यापीठाचं गाव, त्यातली एक गल्ली, गल्लीतलं एक निळं लाकडी घर आणि त्या घरात खिडकीपाशी खुर्चीत बसलेला माझा गुरुबंधू. "एवढ्यासाठी एवढं तिकीट काढून गेलात?" असं आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी तोंडावर विचारलं. हो, एवढ्यासाठीच गेले. त्यांना काय सांगायचं ते जिन्यात उभं राहून सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

गुरुबंधूचं नाव एलियाझर थळकर. आडनावावरून कळेलच, माणूस अलिबागकडचा. बेने इस्राएल, म्हणजे कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत ते मराठी ज्यू. एली शाळकरी पोर असताना त्याचे आईवडील त्याला घेऊन बोटीने इस्राएलला गेले आणि वाळवंटाच्या काठच्या गावात राहिले. तिथे तो शाळेत व्हायोलिन शिकला, सैन्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट फुंकला, आणि सैन्यातून सुटल्यावर पेटी शिकायला म्हणून मुंबईला, गिरगावात आमच्या मास्तरांकडे आला. मी तेव्हा परकरातून नुकती साडीत आलेली. दोन वर्षं आम्ही एकाच सतरंजीवर बसून पलटे घोटले. मास्तर त्याला म्हणायचे, "तुला सगळं पटकन येतं रे, हेच वाईट आहे." आम्ही हसायचो. तोही हसायचा.

पुढे त्याला खरोखरच सगळं आलं. तो इस्राएलला परत गेला आणि लग्नांच्या बँडमध्ये वाजवू लागला. तिथे मोरोक्कोचे, येमेनचे, रुमानियाचे, सगळीकडचे ज्यू. ज्याचं लग्न त्याच्या तऱ्हेचं गाणं. एलीला सगळ्या तऱ्हा यायच्या. मग नाटकांना संगीत दिलं, चित्रपटांना दिलं, मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांना दिलं, जाहिरातींना तर पोत्याने दिलं. ऊद नावाचं अरबी तंतुवाद्य शिकला, अकॉर्डियन शिकला. पहिलं लग्न मोडल्यावर अमेरिकेत येऊन विद्यापीठात शिकवू लागला आणि अस्वलांच्या नि हंसांच्या माहितीपटांना चाली लावू लागला. दिवाळीला आमची कार्डं जायची-यायची. एका कार्डावर त्याने लिहिलं होतं, "शुभे, सगळे मला हरहुन्नरी म्हणतात. मला शिवी दिल्यासारखं वाटतं."

२००६ च्या हिवाळ्याच्या तोंडाला त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. काही आठवड्यांनी थोडं परत आलं ते फक्त मराठी. हिब्रू गेलं, इंग्रजी गेलं. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. त्याची दुसरी बायको कॅरल अमेरिकन. तिला मराठीचं अक्षर कळत नाही. तिने दिवाळीच्या कार्डांवरून माझा पत्ता शोधला आणि फोन केला. "तो दिवसभर शुभी शुभी म्हणतो. ती तुम्हीच का?" मी म्हटलं, "हो बाई, मीच ती."

ॲन आर्बर, मार्च

मार्च म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याची चाहूल. तिथे रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, आणि तेही चित्रातल्यासारखे पांढरेशुभ्र नाहीत. धुराने, मिठाने, कुत्र्यांच्या कृपेने करडे झालेले. झाडांना एक पान नाही. ह्युरॉन नदी काठाशी गोठलेली आणि मधून काळी वाहणारी. आपापल्या दारापुढचा बर्फ ज्याने त्याने उपसायचा असा तिथला नियम. शेजारचे म्हातारे गृहस्थ एलीच्या दारापुढचाही उपसायचे, पण मी खिडकीतून हात केला की मान हलवून लगेच घरात. गप्पा नाहीत.

माणुसकी नाही असं मात्र नाही. शेजारणींनी वार वाटून घेतले होते. रोज संध्याकाळी दाराबाहेर झाकलेलं भांडं असायचं, त्यात माशाची नाहीतर बटाट्याची भाजलेली काहीतरी लगद्यासारखी वस्तू, वर चिठ्ठी, इतकं गरम करा म्हणून. बेल वाजवायची नाही, आजारी माणसाला त्रास नको म्हणून. आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी वीस माणसं बसून एकविसाव्याच्या आजाराची गोष्ट सांगतात. मला आपल्या पद्धतीचा फार राग यायचा. तिथल्या शांततेत आठवडा काढल्यावर वाटायला लागलं, अरे, येऊ दे कुणीतरी आगाऊ बाई, बसू दे पाय पसरून.

एलीने मला पाहिलं आणि डाव्या हाताने स्वतःच्या डोक्यावर टपली मारून घेतली. मास्तर चुकल्यावर मारायचे तशी. मग रडला. मीही रडले, खोटं कशाला बोलू. कॅरल दारात उभी राहून चहाचा ट्रे तसाच धरून होती.

"तू जाडी झाली," एली म्हणाला.

"आणि तू कसा दिसतोस त्याचं काय?" मी म्हटलं.

"काय म्हणाला तो?" कॅरलने घाईघाईने विचारलं. किती महिन्यांनी तिला नवऱ्याचं एक वाक्य कळणार होतं. मी जसंच्या तसं सांगितलं. ती खळखळून हसली आणि ट्रे ठेवून बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

आता मला कशाला बोलावलं होतं ते सांगते. कॅरल गावातल्या हौशी गायकवृंदाची दिग्दर्शिका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामासाठी चाली लावल्यावर एलीने पहिल्यांदाच कुणी न सांगता, कुणासाठी नाही अशी एक रचना लिहायला घेतली होती. आईच्या स्मरणार्थ. गायकवृंद, एक व्हायोलिन आणि पेटी, चार भाग. तीन भाग लिहून झाले आणि झटका आला. चौथ्या भागाच्या कागदावर वर फक्त आकडा घातलेला. एप्रिलात चर्चमध्ये कार्यक्रम ठरलेला होता, आणि डॉक्टरांनी कॅरलला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येईल. चौथा भाग एलीच्या डोक्यात असला तर तो त्याआधी बाहेर काढायचा, पेटी मी वाजवायची, आणि तो त्याने स्वतःच्या कानांनी ऐकायचा. एवढंच काम, आणि तेवढंच होत नव्हतं.

माझी पेटी डेट्रॉइटच्या विमानतळावर त्या हातमोजेवाल्यांनी उघडून भात्यात बोटं घालघालून तपासली होती. अमेरिकेत तेव्हा कुठलीही पेटी म्हणजे संशयित. भात्याचं चामडं सुटलं, ते कॅरलने सुताराच्या डिंकाने चिकटवलं. त्यात घरातल्या हीटरच्या कोरड्या हवेने लाकूड आकसून दोन सूर मुके झाले. अशा त्या पेटीपुढे रोज न्याहारीनंतर आम्ही बसायचो. एलीचा डावा हात पट्ट्यांवर, आणि समोर बसून भाता मी मारायचा. एका पेटीला दोन माणसं. वाजायचं मात्र ठीक.

तो चाली वाजवायचा. एकामागून एक. आणि प्रत्येक चाल संपली की मी विचारायची, "ही आहे का?"

"नाय."

"मग ही कशाची?"

"फौज."

दुसरी. "लगीन." तिसरी. "नाटक." आणि मग प्रत्येक वेळी मान हलवून एकच शब्द: "इकली."

विकली म्हणायचं होतं त्याला. कॅरल जुन्या टेपा काढून ताडून बघायची आणि प्रत्येक वेळी खरं निघायचं. ही अमुक सिनेमातली, ही हंसांची, ही एका गाद्यांच्या कंपनीची. सगळं आयुष्य असं त्या लंगड्या पेटीतून बाहेर पडत होतं, आणि त्यात त्याची स्वतःची म्हणावी अशी एक ओळ सापडत नव्हती. मला हळूहळू भीती वाटू लागली की चौथा भाग नाहीच. शुक्रवारी संध्याकाळी कॅरल मेणबत्त्या लावून हिब्रू प्रार्थना म्हणायची. एली लहानपणापासून म्हणत आलेली ती प्रार्थना. तो ज्योतीकडे बघत बसायचा, ओठ हलायचे नाहीत.

पोहे

दुसरं संकट पोह्यांचं. एली सारखा पोहे मागायचा. सकाळी पोहे, दुपारी पोहे. गावात केळकर काकू म्हणून आहेत, साठच्या दशकात नवऱ्याबरोबर गेलेल्या. काका डॉक्टर, आता निवृत्त. एका फोनवर त्या गाडी हाणत आल्या, पोहे, मोहरी, कढीपत्ता, सगळं घेऊन. बरोबर नात. मी तिला म्हटलं, "काय गं, नाव काय तुझं?" तर ती आजीच्या मागे जाऊन म्हणते, "आजी, कॅन वी गो नाउ?" काकू म्हणाल्या, "हिला सगळं समजतं हो, फक्त बोलत नाही. आमच्याकडे सगळ्यांचं हेच." आणि एलीकडे बघून डोळे पुसत पुटपुटल्या, "इथे उलटंच झालं की गं."

मी झकास कांदेपोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. एलीने एक घास घेतला आणि बशी सारली. दुसऱ्या दिवशी बटाटा घालून केले. सारली. दडपे पोहे केले, दहीपोहे केले. माझ्या पोह्यांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, आमच्या सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि हा मेला तोंड फिरवतो! शेवटी एका दुपारी त्याने डाव्या हाताने बशी अशी भिरकावली की पोहे सोफ्यावर, गालिच्यावर, माझ्या पदरावर. माझा पारा चढला.

"मग हवंय तरी काय तुला? सांग ना नीट!"

तो रागाने लालेलाल झाला. तोंड उघडायचा, मिटायचा. मग एकदम म्हणाला, "आय. एलियाहू. गोड."

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्हा पुण्याच्या माणसांना पोहे म्हटले की कढई आणि फोडणी. त्यापलीकडे बुद्धी जात नाही. गिरगावात असताना एलीला टायफॉइड झाला होता. तो बरा झाल्यावर त्याच्या मुंबईतल्या आत्याने नवस फेडला होता आणि मास्तरांकडे सगळ्यांना ताटं आली होती. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, बेदाणे, वर फळांचे काप. मलिदा. एलियाहू नबी म्हणजे त्यांचा प्रेषित, त्याच्या नावाने करतात. संकटातून सुटलं की करायचा, घर घेतलं की करायचा, मूल परगावी निघालं की करायचा. मी तेव्हा दोनदा मागून खाल्ला होता.

काकूंना परत फोन. "अगं, फ्रोझन कोकोनट आहे माझ्याकडे, चालेल का देवाला?" मी म्हटलं, "देवाला विचारते, तुम्ही आणा आधी."

मोठं भांडं एलीच्या मांडीवर टॉवेल घालून ठेवलं. मी पोह्यात खोबरं कालवायला लागले, तर त्याने आपला डावा हात भांड्यात घातला. माझ्या हाताशेजारी त्याचा हात, पोहे मुठीत घेऊन सोडतोय, घेऊन सोडतोय. आणि त्या हाताच्या लयीत तो गुणगुणायला लागला. संथ चाल, खमाजच्या अंगाची, कोमल निषादापर्यंत जायची आणि हलकेच मध्यमावर खाली यायची. आधीच्या कुठल्याच चालीसारखी नाही. कुठल्या फौजेची नाही, लग्नाची नाही. ती बायकांची होती, कामाच्या हाताची होती.

मी साखरेच्या हातांनी ओरडले, "कॅरल! लिही!"

ती धावत आली आणि किराण्याच्या पाकिटाच्या मागे पाच रेघा ओढून स्वर टिपू लागली. एली तीनतीनदा गायला. शब्द मात्र नाहीत, नुसता आकार. "शब्द काय आहेत रे?" मी विचारलं. त्याने मान हलवली. "आयला." आईला ठाऊक. आई जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती. मग तो म्हणाला, "इकली." आणि मला वाटलं, झालं, हीसुद्धा! पण पुढे त्याने आणखी एक शब्द काढला, मोठ्या कष्टाने, कपाळावर घाम येऊन.

"परत."

मला उलगडा झाला नाही. कॅरलला तर चौथा भाग मिळाल्याच्या आनंदात कशाचीच शुद्ध नव्हती. आम्ही तिघांनी मलिदा खाल्ला. एलीने बशी चाटून पुसून ठेवली.

तामार

कार्यक्रमाच्या थोडे दिवस आधी एलीची मुलगी तामार हैफाहून आली. पहिल्या बायकोची मुलगी, शाळेत गणित शिकवते, आखूड केस, चालणं थेट बापाचं. तिने बापाला मिठी मारली आणि हिब्रूत भडाभडा बोलू लागली. तो तिच्या गालावरून हात फिरवत होता, आणि एकेका वाक्यानंतर माझ्याकडे बघत होता, हे काय आहे ते सांग म्हणून. मला कुठलं हिब्रू! तेव्हा ती ते इंग्रजीत सांगायची आणि मी मराठीत. बाप-लेक समोरासमोर, आणि मधे माझं मोडकं इंग्रजी. असलं काम देव वैऱ्यालाही न देवो.

संध्याकाळी गायकवृंद दिवाणखान्यात तालमीला जमला. चौथा भाग सुरू झाला. चार ओळी होतात न होतात तोच तामार हसली. एकटीच, मोठ्याने. सगळ्यांनी वळून पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की कुणीच थट्टा करत नाहीये, आणि तिचा चेहरा उतरला. ती कॅरलला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मीही गेले, आगाऊपणा आमच्या रक्तात आहे.

"हे मार्गरिन आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"मार्गरिनची, त्या नकली लोण्याची जाहिरात. सकाळच्या रेडिओवर वर्षानुवर्षं लागायची. आमच्या देशातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. मला शाळेत मार्गरिन म्हणायचे. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग हे म्हणायचा, माझा डबा उघडला की. आणि तुम्ही हे चर्चमध्ये, आजीच्या नावाने गाणार? इथल्या विद्यापीठात इस्राएली माणसं आहेत, ती येतील. सगळे फिदीफिदी हसतील. तुम्हाला कळतंय का, अब्बाच्या डोक्यात गोंधळ झालाय! हे काढून टाका."

कॅरल खुर्चीत बसली. तिच्या टेपांमध्ये ती जाहिरात नव्हती. मला मात्र ते 'परत' आठवलं. मी म्हटलं, "आधी त्याला विचारू."

लोक गेल्यावर मी एलीपुढे स्टूल ओढून बसले आणि विचारलं. तो बराच वेळ बोलायची तयारी करत होता. शब्द एकेक करून आले, मधे इतका खंड की वाटावं संपलं. मी ते आले तसेच देते.

"आय. मलिदा. गाणं." मग, "सकाळी पायजे. चाल नाय." मग छातीवर हात मारून, "मी इकलं." आणि शेवटी, "रेडिओ. आय गप."

मी तामारला सांगितलं. आजी मलिदा कालवताना हे गाणं म्हणायची. कंपनीला चाल दुसऱ्या दिवशी हवी होती, त्याला काही सुचत नव्हतं, त्याने आईची चाल दिली. ती रेडिओवर लागायला लागल्यापासून आईने गाणं टाकलं. शेजारीपाजारी जिन्यात तिला मार्गरिन म्हणून दाखवत असतील, त्यांना काय माहीत. पुढे मलिदा ती मुकाट्याने करू लागली. आता त्याला ते परत द्यायचं आहे.

तामारने डोळे बारीक केले. "तो दहा-बारा शब्द बोलला. तुम्ही सबंध गोष्ट सांगितलीत. तुम्ही हे मनाने तर रचत नाही ना?"

मला असा संताप आला! मी म्हटलं, "बाई, मी हजारो मैलांवरून गोष्टी रचायला नाही आले. घे, मोजून घे त्याचे शब्द." आणि मी त्याचा एकेक शब्द पुन्हा उच्चारला, एकेकाचा अर्थ सांगितला, पदरचं काही न घालता. शेवटच्या दोन शब्दांपाशी ती थांबली. "म्हणजे काय? आय गप?"

"आई गप्प झाली."

तिने ते दोन शब्द स्वतः म्हणून पाहिले, वेडेवाकडे. एलीने चमकून वर पाहिलं. मुलीच्या तोंडून त्याला कळलेले ते पहिलेच शब्द. त्याने मान डोलवली, हो, हो, आणि तिचा हात धरून ठेवला. ती त्याच्या खुर्चीपाशी खाली बसली. मग कॅरलला म्हणाली, "ठेवा. हसणारे हसतील."

चर्च

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. पाऊस की बर्फ ते धड नाही असलं काहीतरी पडत होतं. केळकर काकू पैठणी नेसून आल्या, खाली गुडघ्यापर्यंत बूट. लाकडी बाकं बऱ्यापैकी भरली. एलीची खुर्ची पुढे, माझ्या पेटीजवळ, बाजूला तामार. मुके सूर मी लाखेने आणि देवाच्या नावाने कसेबसे बोलते केले होते.

पहिले तीन भाग चांगले झाले. एली डोळे मिटून, डाव्या हाताची बोटं मांडीवर वाजवत. चौथा सुरू झाला. बायकांनी आकारात चाल धरली, अगदी हळू, हाताच्या लयीत. माझ्या अंगावर काटा आला. आणि तेव्हाच उजवीकडच्या बाकांवरून हसू फुटलं. दोघांचं, मग चौघांचं. दुष्ट हसू नव्हतं ते, खरं सांगायचं तर. परक्या गावात अचानक लहानपणीची वस्तू सापडल्यावर माणूस हसतो तसं. पण हसूच ते. बाकीचे अमेरिकन लोक वळून बघू लागले. गायकवृंद गात राहिला. तामार समोर बघत होती, जबडा आवळून. एलीने डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, त्याला कळलं नाही.

संपलं. टाळ्या पडल्या, लोक उठून उभे राहिले. आणि गर्दीतून तपकिरी स्वेटर घातलेला एक सत्तरीचा गृहस्थ हात पसरत आला. त्याने एलीचे खांदे धरले, हिब्रूत काहीतरी म्हणाला आणि खड्या आवाजात तीच चाल गायला लागला, शब्दांसकट. गाताना तळहातावर सुरी फिरवल्यासारखं करून दाखवत होता, पावाला लोणी फासतात तसं. आजूबाजूचे त्याचे सोबती टाळ्या देऊन हसले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एलीने माझ्याकडे पाहिलं.

"काय बोलतो?"

मी तामारकडे पाहिलं. ती मला इंग्रजीत म्हणाली, "सांगा की हा माणूस म्हणतोय, हे गाणं त्याची आई म्हणायची."

तिला बापाला दुखवायचं नव्हतं. मला कळलं. माझ्याही मनात दुसरं काही आलं नाही. मी एलीच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "म्हणतोय, हे गाणं त्याची आई म्हणायची."

एली खुर्चीत ताठ झाला. "त्याची आय?"

"हो."

"नाय." त्याने डाव्या हाताची मूठ छातीवर आपटली. "माजी. माजी आय. सांग त्याला."

त्याचा आवाज चर्चभर गेला. जवळची माणसं गप्प झाली. तामारने विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. तिचा चेहरा पडला. त्याच्याकडून एकदा गेलेलं गाणं आम्ही दोघींनी मिळून त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. ती त्या गृहस्थाकडे वळली आणि हिब्रूत बोलली. बरंच बोलली. काय ते मला माहीत नाही, पण त्यात मराठीतलं 'आय गप' मी ऐकलं. त्या माणसाचा लोणी फासणारा हात हवेतच राहिला. मग तो वाकून एलीला काहीतरी म्हणाला, क्षमाच मागत असेल. एलीने ऐकून घेतलं. त्याचा अर्थ त्याने मला विचारला नाही.

निघण्यापूर्वी

त्याच आठवड्यात दुसरा झटका आला. या वेळी मराठीही गेली. हॉस्पिटलात मी त्याच्या कानाशी बसून मास्तरांच्या गोष्टी सांगितल्या, शिव्या दिल्या, पलटे म्हटले. तो माझ्याकडे बघायचा, जसा आधी कॅरलकडे आणि तामारकडे बघायचा तसा. 'नाय' सुद्धा राहिलं नव्हतं. कॅरल मला म्हणाली, "आता तुम्हीही आमच्यातल्याच." तिने ते मायेने म्हटलं, पण मला हुंदका आवरला नाही. मी पुण्याला परतल्यावर, मे महिन्यात, एली गेला. फोन तामारनेच केला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पेटी कपड्यांत गुंडाळत होते. तामार स्वयंपाकघरात शेजारणींची भांडी घासत होती, परत द्यायला. ती आजीची चाल गुणगुणत होती, बरोबर, हळू, हाताच्या लयीत. ऐकून मला बरं वाटलं. आणि मग गुणगुणण्यातून आपोआप शब्द फुटले. हिब्रू शब्द. मला अर्थ कळत नव्हता, पण चर्चमधल्या त्या गृहस्थाच्या तोंडचेच ते, हे कळलं. ती एकदम थांबली. नळ तसाच वाहत होता.

"मला दुसरे शब्द माहीतच नाहीत," ती म्हणाली.

"मलाही नाहीत गं."

"तुम्ही मराठी आहात. काहीतरी लिहून द्या. कुठलेही. मी पाठ करीन."

चालीत बसतील असे चार शब्द जुळवायला मला पाच मिनिटं पुरली असती. खोबरं, वेलदोडा, नबीचं नाव. ती हैफाला नेऊन आयुष्यभर म्हणत राहिली असती, आणि पुढे तिची मुलं. जगात कुणी मला खोटं पाडायला उरलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "नाही," मी म्हटलं, "ते माझे होतील. तुझ्या आजीचे नाही."

ती नळाकडे वळली. पुन्हा भांडी घासू लागली. थोड्या वेळाने ती चाल परत ऐकू आली. मी दारातून डोकावले. ती गुणगुणत होती आणि ओठ तिने दातांखाली घट्ट धरून ठेवले होते.